दिवसाची लाईट

माझी सगळी नोकरी मीटरच्या तोंडाकडे बघण्यात गेली. कुणाच्याही घरात शिरले की आधी मीटर कुठे आहे ते मी बघते. भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हाही पोह्यांची बशी हातात यायच्या आत माझी नजर दारावरच्या पेटीकडे गेली होती. सील जागच्या जागी आहे हे बघून त्या घराविषयी माझं मत चांगलं झालं. मुलगीही छान आहे, हे नंतर लक्षात आलं.

नाशिकला वीज कंपनीच्या मीटर विभागात मी तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा हातात पक्कड घेतलेली बाई लोकांना नवीन होती. दार उघडलं की ते माझ्या खांद्यावरून मागे बघायचे आणि विचारायचे, "वायरमन कुठे आहे?" "मीच," असं म्हटलं की दार आधी थोडं मिटायचं आणि मग उघडायचं. पुढे पुढे मी दाराबाहेरूनच सांगायला लागले, "वायरमन आलाय, आणि तो बाई आहे." यावर निम्मे लोक हसायचे आणि उरलेले निम्मे आत जाऊन घरातल्या पुरुषाला बोलावून आणायचे.

जुनं मीटर फार भोळं होतं. त्याचा एकच प्रश्न असायचा, किती वापरली? नोकरीच्या शेवटच्या काळात नवी मीटरं आली आणि त्यांच्या पोटात घड्याळ आलं. आता मीटर दोन प्रश्न विचारतं, किती वापरली आणि कधी वापरली? सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत घरात वापरलेल्या विजेवर सूट मिळायला लागली. मिक्सर, पंखा, टीव्ही यांना त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, पण दारात विजेवरची गाडी उभी असेल तर गोष्ट वेगळी. घरातल्या सगळ्या उपकरणांची भूक एकीकडे आणि त्या गाडीची एकीकडे. ती कधी जेवते यावर घराचं बिल ठरतं.

हे लोकांना समजावून सांगायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. "तुम्ही बोलता चांगल्या," असं ते म्हणाले. याचा अर्थ, बाकी कुणी तयार नव्हतं. मग मी सोसायट्यांच्या सभांना जाऊ लागले. इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत मी इतकं मन लावून सांगितलं की दुसऱ्याच दिवशी नऊच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम गीझर, वॉशिंग मशीन, घरघंटी, पाण्याची मोटर आणि खालच्या दोन गाड्या सुरू केल्या. मेन स्विचनं जागीच मान टाकली. चेअरमनांचा फोन आला, "मॅडम, तुमची स्वस्त वीज आम्हाला फार महागात पडली." मी त्यांना म्हटलं, दुपारचे दोनही नऊ ते पाचच्या मध्येच येतात हो!

गंगापूर रोडच्या एका बाईंची शंका मात्र मी अजून विसरलेले नाही. सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ही सवलतीची वीज जरा पातळ असते का? म्हणजे सेलमधली साडी कशी एका धुण्यात विरते, तसं गाडीचं चार्जिंग लवकर उतरायचं नाही ना?" मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. मग त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये गेले आणि प्रवाह मोजणारं चिमटा मीटर तारेला लावून दाखवलं. आकडे त्यांना कळले नसावेत, पण मी वाकून बघितलं याचं समाधान झालं.

खरा अडचणीचा प्रश्न दर सभेत कुणीतरी विचारायचंच. "मॅडम, दिवसा गाडी ऑफिसला न्यायची की चार्जिंगला लावायची?" सगळे हसायचे आणि मीही हसायचे, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते मला पुढे मिळालं, आडगाव नाक्याच्या पुढे एका घरात.

तिथून तक्रार आली होती की रात्रीची वीज स्वस्त समजून गाडी रात्री चार्ज करूनही बिल उतरत नाही, मीटर पळतंय. बिनलिफ्टची तीन मजली इमारत होती. खाली पार्किंगमध्ये पांढरी इलेक्ट्रिक गाडी, तिच्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत पायजमा-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ. त्यांचा एक पाय क्रेप बँडेज बांधून दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला होता. मी मीटरची पेटी उघडली तसे ते सावरून बसले.

"ताई, वायरमन कुठंय?"

"मीच वायरमन, बाबा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "खांबावर चढता?"

"चढलेय खूपदा. आता गुडघे नको म्हणतात."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी जे प्रमाणपत्र मिळवून दिलं ते कंपनीच्या ओळखपत्रानं कधी दिलं नव्हतं.

मीटर ठणठणीत होतं. तोवर तक्रार करणारा संजय खाली आला. तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेला, चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याच्या खुणा. गाडी त्याची स्वतःची, भाड्यानं फिरवायची. नाशिक रोड स्टेशनवरून भाविकांना त्र्यंबकला, वणीला न्यायचं, एरवी शहरातल्या द्वारका चौकात टॅक्सी स्टँडवर उभं राहायचं, रात्री घरी यायचं. खुर्चीतले गृहस्थ त्याचे वडील, दगूनाना. निफाडकडच्या गावात आयुष्यभर शेती केलेले. बायको गेल्यावर मुलानं त्यांना शहरात आणलं होतं आणि मळा पुतण्या बघत होता.

"रात्री आल्या आल्या चार्जिंगला लावतो मी," संजय म्हणाला. "पण नाना काढून ठेवतात. आन मध्यरात्रीनंतर उठून स्वतः लावतात."

"संध्याकाळच्या लाईटीला दाब नसतो," नाना शांतपणे म्हणाले. "समद्यांचे पंखे, टीव्ही चालू. मध्यरात्रीनंतर कशी भरून येती. गाडी काय, विहिरीवरची मोटार काय, सारखंच."

"नाना, हे गाव नाय!"

"लाईट तीच हाय ना?"

शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी हे थोडं सांगते. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारींना वीज पाळीनं मिळायची आणि ती पाळी कितीदा रात्रीची असायची. मळ्यातल्या खोपीत मोटारीच्या लाईनवर एक बल्ब लावलेला असायचा आणि त्याचं बटण कायम चालू. माणूस त्या बल्बखालीच झोपायचा. लाईट आली की उजेड डोळ्यांवर पडायचा, की उठायचं, मोटार चालू करायची आणि विजेरी घेऊन सऱ्यांमधून पाणी फिरवत बसायचं. घड्याळाचा गजर चुकेल, बल्ब चुकत नसे. दगूनानांनी अशा बल्बखाली उभा जन्म काढला होता. त्या पाळ्यांचे कागद आमच्यासारख्याच कचेऱ्यांतून निघायचे. टेबलावर तो कागद साधा दिसायचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस अंथरुणातून उठतोय, हे तेव्हा फारसं मनात यायचं नाही. आज येतं आणि वाईट वाटतं.

चहाला वर बोलावलं म्हणून गेले. स्वयंपाकघरात संजयच्या बायकोनं, वैशालीनं, मला थांबवलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मागच्या आठवड्यात नाना रात्री उतरताना जिन्यात घसरले, पाय मुरगळला. कुणाला न उठवता तसेच भिंतीला धरून वर आले आणि गप पडून राहिले. गाडी उपाशीच राहिली. पहाटे त्र्यंबकच्या पूजेला जाणारं कुटुंब स्टेशनवर ताटकळलं आणि मग दुसरी गाडी करून गेलं. संजय नानांना वाटेल तसं बोलला. पाय सुजलाय हे त्याला माहीतच नव्हतं. नाना इतकंच म्हणाले, मला गावाला सोडून ये.

"गावचं घर बंद हाय मॅडम. तिथं एकटे काय करतील?" दाराच्या मागे एक कापडी पिशवी टेकून ठेवलेली होती, ती तिनं दाखवली. "कपडे, गोळ्या, समदं भरून ठेवलंय त्यांनी. मी रोज रिकामी करते, ते रोज भरतात."

"मग मी काय करू?"

"तुम्ही सांगा ना, रात्री गाडी चार्ज करायला सरकारनं बंदी घातली म्हणून. तुमच्या लोकांचं ते ऐकतात." पुढे तिचाच आवाज अडखळला. "पण तेवढंच एक काम हाय त्यांना हितं. ते काढलं तर जातीलच. आन राहू दिलं तर पडतील."

मीटर बिघडलं तर मी बदलून देऊ शकते. खोटी बंदी सांगणंही सोपं होतं. पण जो माणूस माझे गुडघे बघून माझ्यावर विश्वास ठेवतो, त्याला खोटं सांगायला जीभ वळेना.

नाना एक एक पायरी चढत वर आले होते. चहाचा कप हातात घेऊन मी सरळ सांगून टाकलं, "नाना, रात्रीच्या विजेला काही सूट नाही. सूट दिवसा आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच."

नाना मोठ्यानं हसले. "दिवसाची लाईट स्वस्त? ताई, सरकार येडं झालं का काय? आम्हाला जन्मभर दिवसा मिळाली नाय ती!"

मी विचारलं, "गावाकडे माळावर काळ्या काचांच्या रांगा बघितल्यात ना?"

"हाय की. पुतण्याच्या शिवारालगतच झाल्यात. गवत बी उगवत नाय खाली."

"त्या उन्हाची वीज करतात. अशा काचा आता सगळीकडे झाल्यात. दुपारी ऊन तापलं की इतकी वीज तयार होते की घ्यायला तेवढं गिऱ्हाईक नसतं. साठवायची तर फार खर्चिक. म्हणून म्हणतात, बाबांनो, दुपारी वापरा, सूट घ्या."

नाना कपातला चहा बशीत ओतू लागले. मला वाटलं, यांना पटलं नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे आवक वाढली."

"काय?"

"पिंपळगावला टमाट्याच्या गाड्यांची रांग लागली की भाव पडतो. तसं दुपारी उन्हाची आवक." त्यांनी कप खाली ठेवला. "मंग घेणाऱ्यानं आवकीच्या टायमाला बाजारात पाहिजे का नको? संजू, दुपारी गाडी कुठं असती?"

"द्वारकेला."

"काय करतो तिथं?"

"काय करणार? उभा असतो. नंबर लावून."

"मंग घरी उभा राहा की!"

वैशालीला हसू फुटलं. संजय मात्र तडकला. "नाना, स्टँडवरनं हललो तर नंबर जातो. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"नाय कळत," नाना म्हणाले. "पण भर उन्हात कोन त्र्यंबकला जातो रे? पहाटेचं गिऱ्हाईक तुझं, संध्याकाळचं तुझं. मधल्या टायमाला गाडी माझ्याकडं दे. मी लावतो, मी बघतो, मी काढतो. उजेडात जिना बी दिसतो मला."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. संजयनं त्यांच्या बँडेजकडे बघितलं. पुढचं बिल येईपर्यंत करून बघू, इतकंच म्हणाला. मी माझी हत्यारांची पेटी उचलली. निघताना दारामागची पिशवी अजून भरलेलीच होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. सुरुवातीलाच एक शिर्डीचं लांबचं भाडं दुपारी घरी आल्यामुळे हातचं गेलं आणि संजय तोंड फुगवून बसला. नाना गाडीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि केबल गरम होते का ते पुन्हा पुन्हा हात लावून बघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून उन्हाची आवक समजावून सांगायचे. माझ्या सभांमध्ये मीही ती टमाट्याची गोष्ट सांगायला लागले. नाशिककरांना मंडई कळते, त्यामुळे लोक माना डोलवायचे.

वैशालीचा अधूनमधून फोन यायचा. एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, तुमच्या त्या सवलतीनं माझी दुपारची झोप गेली. दोघं जेवायला घरी. दोघांना गरम भाकरी पाहिजे." आणि हसली. संजय शहरात आल्यापासून बाप-लेक दुपारी एका पंगतीला बसले नव्हते. पहिले काही दिवस दोघं ताटाकडे बघून जेवायचे. मग कांद्याच्या भावावरून वाद सुरू झाला आणि वैशाली निश्चिंत झाली, कारण भांडता येतंय म्हणजे ठीक चाललंय.

एक गोष्ट मात्र ती दर वेळी काळजीनं सांगायची. नानांना रात्री झोप नाही. पूर्वीच्याच वेळेला जाग येते. खाली जात नाहीत, पण उशाजवळच्या बल्बचं बटण चालू ठेवतात आणि अंथरुणात उठून बसतात. "कुठं जायचंय नाना, असं विचारलं तर म्हणतात, कुठं नाय, लाईट हाय का बघतोय." पिशवीही अजून दारामागेच होती. वैशालीनं आता ती रिकामी करणं सोडून दिलं होतं.

यावर काय उपाय सांगणार? तारेचा दोष मला शोधता येतो. पण इतकी वर्षं रात्री उठायला शिकलेला देह, त्याला कुणी सांगावं की आता पाळी संपली?

माझी निवृत्ती जवळ आली. शेवटच्या दिवशी दुपारी ऑफिसात हार, नारळ, समोसे असा कार्यक्रम झाला. साहेबांचं भाषण चालू असताना खिडकीतून ती पांढरी गाडी आवारात शिरताना दिसली. संजयनं दार उघडलं आणि दगूनाना उतरले. स्वच्छ टोपी, पाय पूर्ण बरा. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. मी ती लगेच ओळखली.

त्यांनी पिशवी सरळ माझ्या टेबलावर रिकामी केली. टमाटे, मेथी आणि कोवळी वांगी. कपडे नाहीत, गोळ्या नाहीत.

"पुतण्याला सांगून मळ्यातनं आणलं," नाना म्हणाले. "आमच्यात वायरमनचा वाटा आसतो. पीक निघालं की पहिला त्याला द्यायचा. तुमचा राहिला होता."

इतकी वर्षं "वायरमन कुठे आहे" हे ऐकलं आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी वायरमन म्हणून माझा वाटा घेऊन आलं. मी पदरानं डोळे पुसले. कनिष्ठ सहकाऱ्यांना वाटलं, साहेबांच्या भाषणानं मी हेलावले. साहेबांनाही तसंच वाटलं, म्हणून मी काही सांगितलं नाही.

नानांना खुर्ची दिली, समोसा दिला. विचारलं, "या वेळी गाडी चार्जिंगला नाही?"

"लवकर भरली आज. ऊन चांगलं होतं."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "नाना, रात्री झोप लागते का आता?"

त्यांनी समोसा मोडून त्यातला बटाटा बघितला, एक घास खाल्ला. मग आठवल्यासारखं म्हणाले, "ताई, एक तक्रार हाय. परवा रातभर आमच्याकडं लाईट नव्हती म्हणे. आख्खी बिल्डिंग घामानं जागी होती."

"म्हणे? म्हणजे तुम्हाला कळलं नाही?"

"मला कसं कळणार?" नाना म्हणाले. "मला तर सकाळी वैशालीनं सांगितलं."

सगळ्या नोकरीत लाईट गेल्याच्या तक्रारी मी किती ऐकल्या त्याची गणती नाही, पण ऐकून आनंद झाला तो त्या एकाच तक्रारीचा.